निळ्या दोऱ्याची बाटली

६ जानेवारी

केमिकल विकणारा माणूस दर वर्षी लॅबमध्ये डायऱ्या वाटतो. सरांना जाड पुठ्ठ्याची, स्टोअरवाल्याला मधली आणि मला गेल्या वर्षीची उरलेली. वार जुळत नाहीत. मला वारांशी काय करायचंय?

पोरगी म्हणाली, "आई, तू दिवसभर जे बोलतेस ना, त्यातलं निम्मं यात लिहीत जा. घराला जरा विश्रांती मिळेल." तिचे बाबा शिलाई मशीनवरून मान वर न करता हसले. हसा. या दोघांचं एक झालं की घरात परकी मीच.

मी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर वाकडं आहे, पण माझं मला वाचता येतं. कॉलेजात रसायनाच्या लॅबमध्ये काचा धुते. ब्युरेट, पिपेट, फ्लास्क, परीक्षानळ्या, नावं सगळी येतात. त्यांचं पुढे काय करतात ते मला विचारू नका. मुलं काहीतरी ओततात, रंग बदलतो, आकडा लिहितात आणि घाण माझ्यासाठी ठेवून जातात. सगळे मला मावशी म्हणतात. डोक्यावरचे सगळे केस पिकलेले मोठे सरसुद्धा मावशीच म्हणतात. यांच्या कुणाच्या आईची मी बहीण, देव जाणे.

यंदा पोरगीही मावशीच म्हणते. दुसऱ्या वर्षाला ती याच लॅबमध्ये आली. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं, "दारातून आत आलीस की मी तुझी कोणी नाही. आई म्हणून हाक मारायची नाही. उद्या कुणी म्हणेल, धुणारीच्या पोरीला आतून मदत होते." ती बरं म्हणाली. लगेच म्हणाली. जरा आढेवेढे घेतले असते तर काय बिघडलं असतं?

१३ जानेवारी

पाण्याचं मशीन मेलं. भिंतीवर काचेचं पोट असलेलं ते मशीन आहे. खालून पाणी उकळतं, वाफ वर जाते आणि गार होऊन थेंब थेंब कॅनमध्ये पडते. त्याला डिस्टिल्ड वॉटर म्हणतात. मुलांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये तेच भरायचं. आज आतली कॉइल फट करून उडाली आणि जळका वास सुटला.

स्टोअरवाला मोठ्या सरांकडे जाऊन आला. "नवीन वर्षाच्या बजेटमध्ये बघू म्हणाले."

"आणि तोपर्यंत बाटल्यांत काय भरू? माझे अश्रू?"

"नळाचं भरा की. नळातून काय नाग निघतो?"

"मॅडमनी विचारलं तर?"

"मशीनचंच म्हणायचं. रंग तोच, वास तोच. उगाच बोभाटा केलात तर मशीन कुणी जाळलं हे पहिलं विचारतील. आणि मशीनपाशी उभं कोण होतं?"

मीच होते. नालायक माणूस.

मी दोन्ही पाण्यांचा घोट घेऊन पाहिला. मशीनचं पाणी बेचव लागतं, जीभ फसवल्यासारखं. नळाचंच बरं. मग कशाला एवढं कौतुक?

तरी एक केलं. मशीन मरायच्या आधीचा एक कॅन भरलेला होता. तो माझ्या बेसिनखाली सोड्याच्या पोत्यामागे सारून ठेवला. मार्चमध्ये पोरीची परीक्षा आहे, त्या दिवशी तिच्या बाटलीत भरीन. त्या पाण्याने काय होतं ते मला कळत नाही. पण चांगली वस्तू असली की आधी आपल्या पोरीच्या पुढ्यात पडावी, एवढं कळतं.

२७ जानेवारी

आज भर वर्गात माझी शोभा झाली.

मुलांना पुड्या दिल्या होत्या. आत कसली कसली मिठं मिसळलेली, ती कोणती ते ओळखायचं. एका बाटलीतले थेंब टाकले की क्लोराइड असलेल्याची नळी दुधासारखी होते. आज सगळ्यांच्याच नळ्या दुधासारख्या झाल्या.

चष्मेवाल्या मॅडम चष्मा डोक्यावर चढवून तो टेबलावर शोधत होत्या. हे त्यांचं रोजचंच. "सगळ्यांना क्लोराइड? अहो, मी तर दोनच पुड्यांत घातलं होतं! मावशी, पाणी मशीनचंच आहे ना?"

"मशीनचंच," मी म्हणाले.

"मग नळ्या नीट धुतल्या जात नाहीयेत."

सगळ्यांनी वळून बघितलं. पोरगीने मात्र मान खाली घातली. लाज वाटली असेल. माझ्या बोटांच्या चामडीला भेगा पडल्यात, आणि म्हणे नळ्या नीट धुतल्या जात नाहीत! संध्याकाळी प्रत्येक नळी ब्रश घालून पुन्हा घासली. नळाखाली धरून तीन तीनदा खळबळली. आता दाखव म्हणावं कुठे घाण आहे ती.

घरी पोरगीने हळूच विचारलं, "आई, पाणी खरंच मशीनचंच आहे ना?"

"आता तूही माझा पंचनामा कर!"

ती वही उघडून बसली.

९ फेब्रुवारी

बातमी आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत जी पहिली येईल तिला मॅडम सुट्टीत एका मोठ्या संशोधन संस्थेत पाठवणार. राहणं, खाणं सगळं त्यांचं. काम आवडलं तर पुढच्या शिक्षणालाही तेच ठेवून घेतात. वर्गातून एकच नाव जाणार.

पोरगी मला काही बोलली नाही, बाबांना बोलली. मी भांडी लावता लावता ऐकलं. "बाबा, तिथे प्रत्येकाला स्वतःचं टेबल असतं. स्वतःचं." आवाज असा की लहानपणी बाहुली मागायची तसा. तेव्हा बाहुली दिली नव्हती.

शर्यतीत दोघीच आहेत, आमची आणि एक लांब वेणीवाली. वेणीवाली वाईट नाही, पण ब्युरेट असा धरते जसा दुसरा कुणीतरी येऊन पुढचं करणार आहे.

आमची घरीही सराव करते. बाबांनी शिलाई मशीनला तेल घालायची कुपी धुऊन दिली. ती वाटीवर धरते आणि थेंब सोडते. मग अर्धा थेंब. अर्धा थेंबसुद्धा असतो म्हणे, टोकाला लटकवायचा आणि काठाला टेकवून घ्यायचा.

"बाई गं," मी म्हणाले, "एवढं मोजून मापून मी आयुष्यात काही केलं नाही."

"दिसतंच ते," तिचे बाबा म्हणाले.

१० मार्च

उद्या परीक्षा. आज सगळं काचसामान लावलं. मॅडमनी परीक्षेचं द्रावण तयार केलं, स्वतः एकदा करून पाहिलं आणि आलेला आकडा पाकिटात बंद केला. ज्याचा आकडा त्याच्या जवळ येईल त्याला गुण. त्यांनाही पाणी मोठ्या कॅनमधलंच दिलं. "भरलंय ना मावशी?" "भरलंय." त्या चष्मा शोधत होत्या, मी काढून हातात दिला.

सगळे गेल्यावर बेसिनखालचा कॅन ओढला. कंबर मोडली. पोरीच्या टेबलावरची बाटली रिकामी केली आणि खऱ्या पाण्याने गळ्यापर्यंत भरली. ओळखायला हवी म्हणून तिच्या बाबांच्या डब्यातला निळा दोरा गळ्याभोवती दोन वेढे बांधला. बाकीच्यांच्या बाटल्या नळाखाली.

पोरीला काही सांगितलं नाही. सांगितलं तर नको म्हणेल, तिला तत्त्वं आहेत. निकाल लागल्यावर सांगेन. तेव्हा कळेल आई काय असते ते.

११ मार्च

काय लिहू? डोकं जळतंय.

रीत अशी आहे. मॅडमनी दिलेलं द्रावण फ्लास्कमध्ये घ्यायचं. बाटलीतलं पाणी घालून ते वाढवायचं. उग्र वासाचं काहीतरी घालायचं, चिमूटभर काळी पूड घालायची, की लाल रंग येतो. मग वरच्या ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं. लालचं निळं झालं की थांबायचं आणि किती लागलं तो आकडा लिहायचा. बस. यासाठी वर्षभर रडारड.

मी बेसिनपाशी उभी होते. आमची इतकी शांत की बघत राहावं. तीन वेळा केलं. शेवटचा थेंब काठाला टेकवला आणि फ्लास्क निळाशार झाला. मी म्हटलं, झालं, जिंकली.

मग मॅडम टेबलांवरून फिरत आल्या. तिच्याजवळ थांबल्या. "आकडा एवढा कमी?"

"तीन वेळा केलं, मॅडम. तिन्ही वेळा तेवढाच आला."

"बाकी सगळ्यांचे जवळपास सारखे आहेत. माझाही तोच आहे. तुझाच काय तो वेगळा?"

त्या पुढे गेल्यावर वेणीवाली कुजबुजली, "अगं, आमचा सगळ्यांचा एकच आला आहे. तोच लिही. कोण बघतंय?"

"माझा जो आला तोच लिहिणार," आमची म्हणाली आणि लिहिला. कागद दिला. हिला कुणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला!

वेळ उरला होता. मॅडमना ती आवडते, वाईट वाटलं असेल. म्हणाल्या, "कागदावरचं आता बदलता येणार नाही. पण माझ्यासमोर एकदा कर, बघू कुठे चुकतेस." तिची दोऱ्याची बाटली संपली होती. वेणीवालीची उचलली, पाणी घातलं, थेंब सोडले. आकडा आला सगळ्यांसारखा. तंतोतंत.

"बघ! आलं ना बरोबर? मघाशी लक्ष कुठे होतं तुझं?"

पोरगीने आधी वेणीवालीच्या बाटलीकडे बघितलं, मग निळ्या दोऱ्याकडे. मग माझ्याकडे. मला वाटलं धीर मागतेय. मी मान हलवली, काही नाही, काही नाही म्हणून.

त्यानंतर तिने काय करावं? दोन नळ्या घेतल्या. एकीत दोऱ्याच्या बाटलीतले तळाचे थेंब, एकीत दुसऱ्या बाटलीतलं पाणी. दोन्हींत तेच उग्र वासाचं आणि तीच काळी पूड. एक नळी निळी झाली, एक लाल. बघत उभी राहिली. परीक्षा बुडाली आणि ही रंग खेळतेय!

मॅडमनी लांबून विचारलं, "आता काय करतेयस?"

"काही नाही मॅडम. नळ्या धुतेय." आणि दोन्ही पटकन ओतून टाकल्या.

मी हात पुढे केला. "ठेव, मी धुते."

"राहू द्या, मावशी."

दोऱ्याची गाठ तिने नखाने सोडवली आणि दोरा ॲप्रनच्या खिशात टाकला.

१२ मार्च

घरात कुणी बोलत नाही. मी बोलते तेवढंच.

"अर्ज कर. फेरतपासणी माग. तीनदा सारखा आकडा आला म्हणून सांग त्यांना."

"नको."

"का नको?"

"चूक माझीच आहे, आई."

"काय चूक?"

"हात थरथरला असेल."

बाबा तिच्याकडे बघत होते. मी बघितलं तर त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. आधीच ओवलेल्या सुईत.

२ एप्रिल

यादी लागली. वेणीवाली जाणार. तिने लॅबमध्ये सगळ्यांना गोळ्या वाटल्या, मलाही दिली. "मावशी, तोंड गोड करा." काय करणार, केलं.

त्या प्रयोगात आमच्या पोरीला भोपळा. पाकिटातल्या आकड्यापासून लांब गेलं की शून्य, असा नियम आहे.

स्टोअरवाला खूश आहे. "परीक्षा झाली, कुणाला काही कळलं नाही. मी म्हणत होतो ना, पाणी ते पाणी?" त्याच्या थोबाडात द्यावीशी वाटली. का ते मात्र सांगता येईना. तो तर खरंच बोलत होता.

घरी आल्यावर राहवलं नाही. म्हणाले, "महिनाभर कुपीतून थेंब सोडलेस आणि ऐन वेळी हात थरथरला. माझे हात बघ. सोड्याने सोलले, थंडीत आखडले, तरी एक काच फुटली नाही माझ्या हातून."

ती म्हणाली, "खरंय." आणि माझे हात घेऊन बघत बसली. मला राग आला, मी हात ओढून घेतले.

१५ एप्रिल

आज ठरवलं होतं की मोठ्या सरांकडे जायचं आणि मॅडमची तक्रार करायची. वेणीवालीचे वडील कुणीतरी बडे आहेत, मॅडमनी मुद्दाम केलं. सकाळी पदर खोचून निघाले, तर तिचे बाबा दारात आडवे. पंचवीस वर्षांत हा माणूस कधी माझ्या वाटेत उभा राहिला नव्हता.

"जाऊ नकोस."

"बाजूला व्हा."

"मॅडमची चूक नाही. पोरीचीही नाही."

"मग काय भुताची?"

ते खाली बसले. हातातली टेप गुंडाळत, उलगडत बोलले. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळतात. त्या प्रयोगात क्षारच मोजायचे होते. सगळ्यांनी नळाचं पाणी घातलं, मॅडमनीही घातलं, म्हणून सगळ्यांच्या मोजणीत नळाचे क्षार धरले गेले आणि सगळ्यांचा आकडा वाढला. एकीच्याच बाटलीत नुसतं पाणी होतं. तिचा आकडा वाढला नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्या वर्गाची टेप आटलेली होती. तिची तेवढी बरोबर होती."

मी बराच वेळ काही बोलले नाही. हे यांना नवीन होतं, टकमक बघत राहिले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनेच. त्याच दिवशी. आणि शपथ घातली."

"मला का नाही सांगितलं?"

"तिने तोंड उघडलं असतं तर पहिलं काय विचारलं असतं? पाणी कोण भरतं, हेच ना?"

"मी काय केलं असतं ते मी बघितलं असतं!"

"तू ओरडली असतीस."

"कुणावर?"

त्यांनी टेप खिशात ठेवली.

१६ एप्रिल

कामावर गेले. काचा धुतल्या.

२० एप्रिल

मॅडम एकट्या होत्या. मी दार लावून घेतलं आणि सगळं ओकून टाकलं. मशीन जानेवारीत मेलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. परीक्षेत एकाच बाटलीत खरं पाणी होतं, ती निळ्या दोऱ्याची. स्टोअरवाल्याचं नाव घेतलं नाही असं नाही. घेतलं.

चष्मा या वेळी त्यांच्या डोळ्यांवरच होता. तो काढून त्यांनी डोळे दाबले. "ते दुधासारखं झालं तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी तुम्हाला बोलले. नळ्या धुतल्या नाहीत म्हणाले."

"म्हणालात."

"तिची आकडेमोड मी परत पाहिली होती. एक चूक नव्हती."

"मग आता बदला."

त्या खिडकीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, "पाकिटातल्या आकड्यावर सही माझी आहे, मावशी. हे बाहेर आलं तर सगळ्या वर्गाची परीक्षा रद्द. तुमची नोकरी जाईल. माझी तर अजून कायमची झालेलीच नाही. आणि यादी गेली. ती मुलगी जाऊनही पोचली तिथे."

"आणि हिचं काय?"

"पुढच्या वर्षी बघू. हुशार आहे, काही ना काही होईल तिचं." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "पण तुम्ही या मुलीसाठी एवढ्या का… ती तुमची कोण?"

दाराच्या आत माझी ती कोणी नाही, हा नियम माझाच. आई म्हणून सांगितलं तर दोऱ्याचा अर्थ काय होतो, ते तेवढ्यात डोक्यात आलं. आईने पोरीला वेगळं पाणी दिलं. म्हणजे चोर पोरगीच ठरणार.

"कोणी नाही," मी म्हणाले. "शांत आहे, म्हणून आवडते."

बाहेर आल्यावर बेसिनचा नळ सोडला आणि नुसती उभी राहिले.

२ जुलै

सुट्टी संपली. डायरीला हात लावावासा वाटला नाही.

पोरगी सुट्टीभर बाबांच्या हाताखाली काजं करत बसली. पुढ्यात कापड, हातात सुई, तोंड बंद. मी सांगून टाकलं तिला, मॅडमना काय बोलले ते. वाटलं होतं, गळ्यात पडेल. ती तडकली. "कशाला सांगितलंस? मी गप्प बसले ते कशासाठी?" पोरीचा एवढा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माझ्यावरच गेलीय.

मशीन दुरुस्त झालं. आता दिवसभर टप टप करतं, पण पहिल्यापेक्षा सावकाश. संध्याकाळपर्यंत अर्धा कॅन. स्टोअरवाला म्हणतो, "अर्धं नळाचं घाला, कॅन भरेल. आता तर निम्मं खरं आहे, आणखी काय पाहिजे?"

घातलं. का नाही घालायचं? मोठ्या सरांना चालतं. मॅडमना सगळं माहीत असून चालतं, त्या आता मला पाण्याचं विचारतच नाहीत. कॅनसमोरून जाताना दुसरीकडे बघतात. मग धुणारीनेच का शुद्धतेचा मक्ता घ्यावा? यंदा दोरा नाही, वेगळी बाटली नाही. पोरीलाही तेच. सगळे सारखे.

९ जुलै

आज तिसऱ्या वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकल. पोरगी तिच्या जुन्याच टेबलाला. शेजारी वेणीवाली, संस्थेतून परत आलेली, नवी वही, नवी ऐट, पण पहिली तिलाच येऊन भेटली.

मॅडमनी सुरू करा म्हटलं. सगळ्यांनी फ्लास्क उचलले. आमचीने उचलला नाही. एक नळी घेतली, बाटलीतलं पाणी घातलं, उग्र वासाचं घातलं, काळी पूड टाकली. नळी उजेडात धरली.

लाल.

आता मला त्या लालचा अर्थ कळतो. म्हटलं, आता ओतून टाकेल. नळी धुऊन ठेवेल. राहू द्या मावशी म्हणेल.

तिने नळी हातातच धरली आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल एवढ्या आवाजात हाक मारली, "आई!"

कुठेतरी एक पिपेट टेबलावर आपटलं. मुलं इकडे तिकडे बघायला लागली, कुणाची आई आलीय म्हणून. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"आई, हे पाणी मशीनचं नाहीये."

वेणीवालीचं तोंड उघडंच राहिलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर एक एक पान उलटताना दिसत होतं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, "मावशी हिची आई आहे?" दुसऱ्याने त्याला गप्प केलं. स्टोअरच्या खिडकीतून स्टोअरवाला मला हाताने खुणा करत होता, बोला, बोला, मशीनचंच म्हणा.

जिभेवर आलंच होतं. सहा महिन्यांची सवय. मशीनचंच. एवढं म्हटलं असतं तर पोरगी वर्गासमोर खोटी पडली असती, आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "अर्धं नळाचं आहे."

आवाज माझाच, पण घोगरा आला. मग जे सुचलं ते केलं. मोठा कॅन उचलला आणि बेसिनमध्ये उपडा केला. केवढा आवाज झाला! त्यानंतर एक एक टेबल घेत गेले. बाटली उचलायची, झाकण काढायचं, ओतायची. कुणी अडवलं नाही. एका मुलाने तर आपली बाटली स्वतःच पुढे केली. शेवटची पोरीची. ती तिने माझ्या हातात दिली नाही, स्वतः ओतली.

रिकामा कॅन नेऊन मशीनखाली ठेवला. पहिला थेंब तळाला पडला, तो सगळ्यांनी ऐकला.

"मॅडम, आज प्रॅक्टिकल नाही?" कुणीतरी विचारलं.

मॅडमनी चष्मा डोक्यावर ढकलला, खाली घेतला. मग स्टूल ओढून मशीनसमोर बसल्या. "पाणी झालं की करू," म्हणाल्या. एवढंच. एप्रिलमध्ये बोलल्या असत्या तर त्या शब्दाला काही किंमत असती.

मुलंही बसली, कुणी टेबलावर, कुणी खिडकीत. टप. टप. पोरगी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. अजून रागातच आहे, मला कळतं तिचं उभं राहणं. ॲप्रनच्या खिशातून दोरा काढला, तोच निळा, आणि बोटाभोवती गुंडाळत राहिली.

स्टोअरवाला दारात आला. मुद्दाम मोठ्याने बोलला. "मावशी, मोठे सर बोलावतायत. आत्ताच्या आत्ता."

कॅनमध्ये तळ जेमतेम ओला झाला होता.

"सांगा त्यांना," मी म्हणाले, "कॅन भरला की येते."